बारावी लीगल स्टडीज : कलमं पाठ, पण प्रसंग दिला की अडतात. उजळणीचं साहित्य कसं करावं?

वारणाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी,

सीबीएसई बारावीला लीगल स्टडीज (विषय क्रमांक ८०३) शिकवते. वर्गात २२ जण आहेत. त्यातले निम्मे दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते, पेपर मात्र इंग्रजीतून लिहायचा. लेखी ८० गुण, प्रकल्प २०. सराव परीक्षेपर्यंत दहा आठवडे आहेत, आठवड्याला पाच तासिका.

अडचणी अशा. प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नात मुलं कलम लिहून थांबतात, ते त्या प्रसंगाला कसं लागू पडतं हे लिहीतच नाहीत. बाजारातल्या गाइडमध्ये अजून रद्द झालेल्या भारतीय दंड संहितेचीच कलमं आहेत, त्यामुळे जुनं-नवं मिसळतं. खटल्यांची नावं एकमेकांत अडकतात. आणि इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यावा, तर तीन पुस्तकांत तीन सापडतात.

तयार नोट्स नकोत, त्या भरपूर आहेत. वर्गात काय वापरायचं, किती आणि कोणत्या क्रमाने, हे हवं आहे. प्रकल्पासाठी जिल्हा न्यायालयात नेता येईल का, तेही सांगा.

करारनामा, मिरज

मॅडम, पहिल्या अडचणीपासून सुरू करतो, कारण ती सुटली की बाकीच्या निम्म्या हलक्या होतात. मुलांना कायदा येत नाही असं नसतं. प्रसंगातला कोणता तपशील कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आणि कोणता नुसता सजावटीचा, हे त्यांना ओळखता येत नाही. ते शिकवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एकच प्रसंग घेऊन त्यातला एकेक तपशील बदलत जाणे. नवनवे वीस प्रसंग देण्यापेक्षा एका प्रसंगाचे पाच अवतार द्या.

करार कायदा १८७२ घेऊ. मूळ प्रसंग: तासगावच्या व्यापाऱ्याला सांगलीचा दुकानदार मेसेज करतो, 'बेदाणा विकणार का? कमीत कमी भाव कळवा.' व्यापारी फक्त भाव कळवतो. दुकानदार लिहितो, 'या भावाने दहा पेट्या घेतल्या.' करार झाला का? नाही. भाव सांगणे म्हणजे प्रस्ताव नव्हे, ती नुसती माहिती. इथे हार्वे विरुद्ध फेसी, १८९३. त्या खटल्यातल्या तारांमध्येही नेमकं हेच घडलं होतं: विकणार का आणि भाव किती, असे दोन प्रश्न विचारले, उत्तर फक्त भावाचं आलं.

आता एक तपशील बदला. व्यापारी लिहितो, 'या भावाने दहा पेट्या देतो, उद्या दुपारपर्यंत कळवा.' हा प्रस्ताव झाला. पुढचा बदल: दुकानदार म्हणतो, 'घेतो, पण पेटीमागे पन्नास रुपये कमी करा.' हा प्रतिप्रस्ताव, मूळ प्रस्ताव संपला. पुढचा: दुकानदाराचा होकार येण्याआधीच व्यापाऱ्याने प्रस्ताव मागे घेतल्याचं त्याला कळवलं, तर? कलम ५. आणि शेवटचा: दुकानदार १७ वर्षांचा आहे. कलम ११, मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३, करार मुळातच शून्य.

पाच अवतार एका तासिकेत बसतात. प्रत्येकाला चार मिनिटं लिहायला, तीन मिनिटं चर्चेला. मुलांनी प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहायचं: 'यावेळी उत्तर बदललं, कारण अमुक तपशील बदलला.' हे वाक्य लिहिता आलं की लागू करणं जमलं.

सांगलीच्या मुलांसाठी आणखी एक हमखास चालणारा प्रसंग म्हणजे हळदीचा सौदा, म्हणजे लिलाव. बोली लावणाऱ्याने बोली मागे घेतली तर चालेल का? मालविक्री कायदा १९३०, कलम ६४. हातोडा पडून किंवा तिथल्या रूढ पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. 'रूढ पद्धतीने' हे शब्द मुलांना मूळ कायद्यात शोधायला लावा. बोली म्हणजे प्रस्ताव, हातोडा म्हणजे स्वीकृती हे एकदा डोक्यात बसलं की विसरत नाहीत.

लेखनाचा साचा चार पायऱ्यांचा: मुद्दा, नियम, लागू करणे, निष्कर्ष. सहा गुणांच्या उत्तराची सरावासाठी विभागणी १, २, २, १ अशी धरा आणि तपासतानाही तसेच गुण द्या. बहुतेक वह्यांत नियमाला चार ओळी आणि लागू करण्याला शून्य असतं, ते मुलांना आकड्यातच दिसतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रसंग जसाच्या तसा पुन्हा उतरवून काढणे. त्याला गुण नसतात. लागू करणे म्हणजे नियमातला शब्द आणि प्रसंगातला तपशील एकाच वाक्यात आणणे.

कोर्टगल्ली, सातारा

करारनामा यांची बदलत्या तपशिलाची पद्धत फौजदारी भागालाही तितकीच लागू पडते, पण तिथे त्याआधी तारीख पक्की करावी लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. जुन्या दंड संहितेची ५११ कलमं होती, नव्या न्याय संहितेत ३५८ आहेत. गुन्हा त्या तारखेपूर्वी घडला असेल तर जुनीच दंड संहिता लागू. म्हणून वर्गातल्या प्रत्येक फौजदारी प्रसंगात तारीख लिहाच, आणि मुलांना पहिली खूण तारखेखाली करायला लावा. हीच संविधानाच्या अनुच्छेद २०(१) ची उजळणी.

मुलांना ५११ कलमांचा तक्ता देऊ नका. फक्त या जोड्या पुरेत: सदोष मनुष्यवध २९९ चं १००, खून ३०० चं १०१, खुनाची शिक्षा ३०२ चं १०३, निष्काळजीपणाने मृत्यू ३०४अ चं १०६, दुखापत ३१९ चं ११४, जबर दुखापत ३२० चं ११६, चोरी ३७८ चं ३०३, फसवणूक ४१५ आणि ४२० या दोन्हींचं ३१८, क्रूरता ४९८अ चं ८५ व ८६, अब्रुनुकसानी ४९९ व ५०० चं ३५६. सर्वसाधारण अपवाद ७६ ते १०६ होते, ते आता १४ ते ४४. त्यातला खासगी बचाव ३४ ते ४४. प्रक्रियेतली एकच जोडी घ्या: प्रथम खबर (एफआयआर), जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या १५४ चं नागरिक सुरक्षा संहितेत १७३.

तीन सापळे मुलांना मुद्दाम दाखवा. नव्या संहितेतलं कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. खुनाच्या उत्तरात 'न्याय संहिता कलम ३०२' लिहिलं की उत्तर पूर्ण चुकतं. आणि ४२० क्रमांकाचं कलम नव्या संहितेत असूच शकत नाही, ती ३५८ वरच संपते. तिसरा सापळा थोडा बारीक: जुनं ३०४ सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेचं, नवं ३०४ हिसकावून नेण्याचं.

काय गेलं आणि काय आलं, याची एक छोटी चिठ्ठी वेगळी करा. १२४अ राजद्रोह या नावाने राहिलं नाही, देशाचं सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींसाठी १५२ आलं. अनैसर्गिक संभोगाचं ३७७ गेलं. व्यभिचाराचं ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द केलं होतं, ते नव्या संहितेत नाही. शिक्षांच्या यादीत, कलम ४ मध्ये, समाजसेवा ही सहावी शिक्षा आली. चोरीच्या मालाची किंमत ५००० रुपयांहून कमी, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ आणि माल परत केलेला असेल, तर ३०३(२) प्रमाणे समाजसेवा.

तपासणीसाठी एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं) 'संकलन' ॲप फोनवर ठेवा, त्यात जुन्या-नव्या कलमांचा मेळ आहे. मूळ कायदा इंडिया कोडच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पाठ्यपुस्तक आणि कायदा जुळत नसेल तेव्हा त्या शैक्षणिक वर्षाचा मंडळाचा अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्नपत्रिकेची गुणदान योजना यांत कोणत्या कायद्याचं नाव आहे ते पाहून शिकवा.

आता चोरी. कलम ३०३ चे पाच घटक: अप्रामाणिक हेतू, जंगम वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, आणि वस्तू हलवणे. वाळवा-कराड पट्ट्यातल्या मुलांसाठी यावर उसासारखं उदाहरण नाही. उभा ऊस जमिनीला धरून आहे, तोवर तो चोरीचा विषय नाही. तोडला की होतो. पहिलं स्पष्टीकरण. मग मुलं विचारतात, तोडून बांधावर ठेवला आणि नेण्याआधीच पकडला, तर? नेण्याच्या हेतूने तोडला त्या क्षणीच चोरी पूर्ण, कारण तोडणे आणि हलवणे एकाच कृतीत होऊ शकतं. दुसरं स्पष्टीकरण आणि त्याखालचं झाडाचं उदाहरण वाचून घ्या. कलमांखालची ही उदाहरणं म्हणजे कायद्याने स्वतःच सोडवून दिलेले प्रसंग आहेत. गाइडमध्ये ती नेमकी गाळलेली असतात, म्हणून मूळ कायदा मुलांच्या हातात हवा.

माहुलीकर

भाषेबद्दल लिहितो, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण इथे जास्त जातात.

दिवाणी आणि फौजदारी यांचे शब्द वेगळे आहेत, ते दोन रकान्यांत भिंतीवर लावा. दिवाणीत दावा, वादी, प्रतिवादी, कैफियत, हुकूमनामा, जबाबदार. फौजदारीत खटला, फिर्यादी, आरोपी, दोषारोप, शिक्षा, दोषी. इंग्रजीत लिहिताना प्लेन्टिफ, डिफेन्डन्ट, लायेबल एका बाजूला आणि प्रॉसिक्युशन, अक्यूज्ड, गिल्टी दुसऱ्या बाजूला. अपकृत्याच्या (टॉर्ट, दिवाणी स्वरूपाची चूक) उत्तरात 'डिफेन्डन्ट इज गिल्टी' लिहिलेलं फार दिसतं. कल्पना बरोबर, पण परीक्षकाला वाटतं की मुलाला शाखाच कळली नाही. रोज तासिकेच्या सुरुवातीला पाच चुकीची वाक्यं फळ्यावर लिहा आणि दुरुस्त करायला सांगा. तीन मिनिटांचं काम आहे.

तीन पुस्तकांत तीन शब्द, ही तक्रार खरी आहे. प्राधिलेखांचंच (रिट, म्हणजे न्यायालयाचे खास आदेश) पाहा. संविधानाच्या अधिकृत मराठी आवृत्तीत देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण असे शब्द आहेत. शालेय पुस्तकांत बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, अधिकारपृच्छा असे भेटतात. मुलाला वाटतं हे आठ वेगळे आदेश आहेत. पेपर इंग्रजीत असल्यामुळे वर्गात हेबिअस कॉर्पस, मॅन्डॅमस हीच नावं मुख्य ठेवा आणि मराठीत शब्द न देता काम सांगा: माणसाला समोर हजर करा, तुमचं कर्तव्य करा, खालच्या न्यायालया, थांब, या पदावर कोणत्या अधिकाराने बसलात, झालेला निर्णय वर पाठवा. अर्थ पक्का झाला की कुठलाही प्रतिशब्द आला तरी अडत नाही.

शब्द अडला की भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहा. संकल्पना समजावून घ्यायला वाईहून निघणारा मराठी विश्वकोश उत्तम, पण त्यातल्या फौजदारी कायद्याच्या जुन्या नोंदींत कलम क्रमांक जुने असणार हे धरून चाला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं कायदा विषयाचं साहित्य मोफत मिळतं आणि सोपं आहे. ते हिंदीतून वाचणार असाल तर एक सांभाळा: हिंदीत संविदा म्हणजे आपला करार आणि अभियुक्त म्हणजे आरोपी.

लॅटिन वचनं यादीने पाठ करून घेऊ नका, जोडीने शिकवा. 'डॅम्नम साइन इन्ज्युरिया' आणि 'इन्ज्युरिया साइन डॅम्नो' हे हमखास उलटतं. पहिल्यात नुकसान आहे पण हक्काचा भंग नाही. ग्लूस्टर ग्रामर स्कूल, १४१०: समोर दुसरी शाळा निघाली, जुन्या शाळेचं उत्पन्न घटलं, दावा टिकला नाही. मुलांना विचारा, सांगलीच्या विश्रामबागेत एका शिकवणीसमोर दुसरी निघाली तर पहिलीला दावा लावता येईल का. दुसऱ्यात हक्काचा भंग आहे पण नुकसान नाही. ॲशबी विरुद्ध व्हाइट, १७०३: मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार निवडूनही आला, तरी दावा टिकला. दुसरी जोडी 'ऑडी अल्टेरम पार्टेम' (दुसऱ्या बाजूचंही ऐका) आणि 'नेमो जुडेक्स' (स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये), नैसर्गिक न्यायाची दोन चाकं. ती नेहमी एकत्रच घ्या.

अकरावीच्या इतिहासाच्या भागात न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य शिकवताना आमच्या माहुलीचे, पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे जरूर आणा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनात सत्तेवरच्या रघुनाथरावांना त्यांनी दोषी धरलं. साताऱ्याच्या मुलांना हा विषय लगेच आपला वाटतो. मात्र हे उदाहरण समजण्यासाठी. उत्तरात आधार म्हणून संविधानातल्या तरतुदीच लिहायला लावा.

वारणाकाठ, सांगली

खूप आभार. ऊस आणि सौदा उद्यापासूनच घेते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खटल्यांची कार्डं करायची तर किती करावीत? आणि मुद्दा-नियम-निष्कर्ष हे मथळे मुलांनी उत्तरपत्रिकेत लिहावेत की नाही?

कृष्णाघाट, कराड

मथळ्यांबद्दल: पहिले चार आठवडे लिहू द्या, नंतर बंद करा. मथळा लिहिला की मुलं त्याखाली दोन शब्द टाकून पुढे जातात. त्याऐवजी प्रत्येक पायरीचं सुरुवातीचं वाक्य ठरवून द्या. 'येथे प्रश्न असा की', 'कायद्याप्रमाणे', 'या प्रसंगात', 'म्हणून'. यांचे इंग्रजी पर्याय पक्के करून घेतले की साचा राहतो आणि उत्तर सलग वाचलं जातं.

कार्डं चाळीसच्या वर नेऊ नका. एका कार्डावर चारच ओळी. नाव आणि वर्ष, घटना दोन ओळींत, निकालातला नियम एका वाक्यात. मागच्या बाजूला एक प्रश्न: 'यातला कोणता तपशील बदलला तर निकाल बदलेल?' हा मागचा प्रश्न नसेल तर कार्ड म्हणजे आणखी एक पाठांतर. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. चुकलेलं कार्ड परत पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात. गठ्ठे रबरबँड लावून मुलांकडेच राहू द्यात. शिक्षकाने केलेली कार्डं कोणी वाचत नाही, स्वतः केलेली वाचली जातात.

मिसळणारे खटले शेजारी ठेवून शिकवा. कार्लिल (१८९३) आणि लालमन शुक्ला (१९१३) दोन्ही बक्षिसाचे. पहिल्यात जाहिरात वाचून, अट पाळून बक्षीस मागितलं, मिळालं. दुसऱ्यात हरवलेल्या मुलाला शोधलं तेव्हा बक्षिसाची माहितीच नव्हती, म्हणून मिळालं नाही. फरक एका शब्दात: माहिती. गोलकनाथ (१९६७) आणि केशवानंद भारती (२४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा) यांचंही तसंच. पहिल्याने मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही म्हटलं. दुसऱ्याने दुरुस्ती करता येईल म्हटलं, पण संविधानाची मूळ चौकट मोडता येणार नाही.

रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) आणि एम. सी. मेहता, दिल्लीच्या ओलियम वायुगळतीचा निकाल, ही जोडी सर्वांत महत्त्वाची. पहिल्यात काटेकोर जबाबदारी (चूक नसली तरी येणारी), तिला अपवाद आहेत: दैवी आपत्ती, वादीची स्वतःची चूक किंवा संमती, तिऱ्हाइताची कृती, कायद्याने दिलेला अधिकार. दुसऱ्यात धोकादायक उद्योगाची संपूर्ण जबाबदारी, अपवाद एकही नाही. आता प्रसंग बांधा. शेतकऱ्याने खासगी बंधारा घातला, अतिवृष्टीत फुटला, खालच्या शेतात पाणी शिरलं. दैवी आपत्ती म्हणता येईल का? निकॉल्स विरुद्ध मार्सलँड, १८७६, मध्ये अभूतपूर्व पाऊस मान्य झाला होता. मग एक तपशील बदला: बंधारा महाबळेश्वरच्या उतारावर आहे. तिथे मुसळधार पाऊस दरवर्षीचाच, म्हणजे तो आधी कळण्यासारखा, आणि बचाव कमकुवत होतो. पुन्हा बदला: पाण्याऐवजी कारखान्यातलं घातक रसायन. आता अपवादांचा प्रश्नच उरत नाही. पूर पाहिलेल्या सांगलीच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. फक्त वर्गात कोणाच्या घरचं नुकसान झालं असेल तर गावाचं आणि नदीचं नाव न घालता द्या.

वेळेचा हिशेब: तीन तास म्हणजे १८० मिनिटं, ८० गुण. गुणामागे दोन मिनिटं धरली की १६० मिनिटं होतात, वीस मिनिटं तपासायला उरतात. सहा गुणांना बारा मिनिटं. पाचव्या आठवड्यापासून घरी दिलेलं प्रत्येक उत्तर घड्याळ लावूनच लिहायला सांगा. मुलं करारावर पंचवीस मिनिटं घालवतात आणि मानवी हक्कांचं शेवटचं उत्तर अर्धवट राहतं, हे नेहमीचं.

शेवटचे दोन आठवडे नवं काही नको. मिश्र प्रसंग द्या, धड्याचं नाव न सांगता. धड्याच्या शेवटी दिलेला प्रसंग कोणत्या कायद्याचा हे मुलाला आधीच माहीत असतं. परीक्षेत ते माहीत नसतं.

कोर्टगल्ली, सातारा

न्यायालय भेटीबद्दल राहिलं होतं.

न्यायालयाचं काम खुलं असतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ तेच सांगतं. तरीही २२ मुलं घेऊन सरळ जाऊ नका. शाळेच्या पत्रावर मुलांची यादी जोडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना किमान तीन आठवडे आधी अर्ज द्या. साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच आहे. त्यांच्या मार्फत गेलात तर कोणत्या न्यायालयात त्या दिवशी साक्ष आहे ते कळतं. नाहीतर मुलं दोन तास नुसत्या पुढच्या तारखा पडताना बघून परत येतात. आत जाताना फोन बंद, छायाचित्रण नाही. पोक्सोची (बालकांवरील लैंगिक अत्याचारांची) प्रकरणं बंद दालनात चालतात, तिथे प्रवेश नसतो. सात-आठ जणांचे तीन गट करा.

प्रत्येकाच्या हातात एक पान असावं. त्यावर: प्रकरण दिवाणी की फौजदारी, कशावरून ओळखलं. टप्पा कोणता: सरतपास, उलटतपास, फेरतपास की युक्तिवाद. साक्षीदाराला विचारलेला एक प्रश्न शब्दशः, पण साक्षीदाराचं नाव लिहायचं नाही. हरकत घेतली गेली का, कशावर. एवढंच. याच्या आधाराने वीस गुणांचा प्रकल्प उभा राहतो. इंटरनेटवरून उतरवलेले प्रकल्प तोंडी परीक्षेत एका प्रश्नात उघडे पडतात.

न्यायालय जमलं नाही तर लोकअदालत पाहा, ती प्रकल्पाला जास्त सोपी. मुलांनी तपासायचा मुद्दा: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम २१. निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा, आणि त्यावर अपील नाही. का नाही? कारण तो तडजोडीने होतो. तडजोड झाली नाही तर प्रकरण परत न्यायालयात जातं. मात्र कायम लोकअदालत, कलम २२ब, सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांबद्दल तडजोड न झाल्यास गुणवत्तेवर निर्णय देऊ शकते. हा फरक बहुतेक नोट्समध्ये नसतो.

करारनामा, मिरज

जुन्या नोट्समधल्या शिळ्या माहितीबद्दल थोडं, कारण इथे मुलांची काही चूक नसताना गुण जातात.

ग्राहक संरक्षण: १९८६ चा कायदा गेला, २०१९ चा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू. जिल्हा आयोगाची मर्यादा जुन्या पुस्तकांत २० लाख असते, २०१९ च्या कायद्यानंतरच्या पुस्तकांत एक कोटी. २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख झाली. राज्य आयोग ५० लाखांपासून दोन कोटींपर्यंत, त्यावर राष्ट्रीय आयोग. आणि मोजायची ती मोबदला म्हणून दिलेली रक्कम, मागितलेली नुकसानभरपाई नव्हे.

मालमत्तेचा हक्क: अजूनही मूलभूत हक्कांत सात हक्क लिहिलेले दिसतात. ४४ व्या दुरुस्तीने, १९७८, तो अनुच्छेद ३००अ मध्ये गेला.

उच्च न्यायालय: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात येतात. मुलं 'कोल्हापूर उच्च न्यायालय' लिहितात, ते चूक. न्यायालय एकच, हे त्याचं बेंच. अनुच्छेद २१४ शिकवताना हेच उदाहरण घ्या.

आणि वर्गात कोणी सीएलएटीची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करत असेल तर त्याला सांगा की तिथे तत्त्व उताऱ्यात दिलेलं असतं आणि बाहेरची माहिती न वापरता ते लावायचं असतं. मंडळाच्या पेपरात तत्त्व आपण आठवून लिहायचं. ती सवय इकडे आली की नियमाचे दोन गुण बुडतात.

वारणाकाठ, सांगली

ऊसाचा प्रसंग वर्गात घेतला. तारीख १० नोव्हेंबर २०२५ घातली होती. एका मुलीने विचारलं: शेत आरोपीचंच आहे, पण खंडाने दुसऱ्याला दिलंय. मालकाने रात्री जाऊन ऊस तोडला. स्वतःच्या शेतातला ऊस चोरी कसा होईल? मी ताब्याचा मुद्दा सांगितला, पण पुढचं तिला पटलं नाही.

कोर्टगल्ली, सातारा

तिला सांगा, चोरी मालकीविरुद्ध नसते, ताब्याविरुद्ध असते. ऊस खंडकऱ्याच्या ताब्यात आहे, पीकही त्याचं. कलम ३०३ खालचं घड्याळाचं उदाहरण वाचायला द्या: दुरुस्तीचे पैसे देणं बाकी असताना घड्याळजीने ते तारण म्हणून ठेवून घेतलं, आणि मालकाने ते तारण बुडवायच्या हेतूने स्वतःचंच घड्याळ उचलून नेलं, ती चोरी.

मग एक तपशील बदला. खंडाची मुदत संपली असं मालकाला खरोखर वाटत होतं, कागदही तसा आहे, आणि त्याने दिवसाढवळ्या चार लोकांसमोर ऊस तोडला. आता पहिला घटक, अप्रामाणिक हेतू, सिद्ध करणं अवघड. प्रामाणिकपणे आपला हक्क समजून घेतलेली वस्तू चोरी ठरत नाही, वाद दिवाणी न्यायालयात जातो. मूळ प्रश्नातला 'रात्री' हा शब्द तिला अधोरेखित करायला सांगा आणि तो कोणत्या घटकाकडे बोट दाखवतो ते विचारा.